साने गुरुजींचा उपवास आणि आमच्या सप्त्यातला विणा

टाळकरी_माणदेशी (धागाकर्ता)

रामकृष्णहरी मंडळी.

1 मे 1947 ला साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. मागणी एकच होती, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं करा. 10 मेला उपोषण सुटलं. शाळेत आपण एवढंच शिकलो. डोक्यात चित्र बसलं ते असं, की एक हळव्या मनाचा मास्तर उपाशी बसला, बडव्यांना, म्हणजे विठ्ठलाच्या पुजाऱ्यांना, पाझर फुटला आणि दार उघडलं. या चित्राने गुरुजींवर अन्याय होतो असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. शेवटी आमच्या गावचा एक प्रश्न आहे, त्यावर जाणत्यांनी बोलावं.

उपोषणाच्या आधीची गोष्ट आपण विसरतो. घोषणा 1946 मध्येच झाली होती आणि कार्तिकीलाच बसायचं गुरुजींच्या मनात होतं. सहकाऱ्यांनी गळ घातली की आधी लोकांपर्यंत जा, त्यांना विचार करायला वेळ द्या. मग गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरले. सोबत सेनापती बापट होते, राष्ट्र सेवा दलाची तरुण पोरं गाणी घेऊन होती. गावोगाव सभा व्हायच्या. बोलणं पंढरपूरचं असलं तरी हाक त्या गावच्या विहिरीसाठी आणि त्या गावच्या देवळासाठी असायची. कितीतरी ठिकाणी विहिरी आणि देवळं त्या दौऱ्यातच खुली झाली. माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं होतं. नुसता उपवास केला असता तर पंढरपूरचं एक दार उघडलं असतं आणि गावातले पाणवठे तसेच राहिले असते.

पंढरपुरात स्वागत काही गोड नव्हतं. ‘जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार’ ही विरोधकांची घोषणा आजही जुनी माणसं सांगतात. आणि विरोध फक्त सनातन्यांचा होता असंही नाही. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडा असं कळवलं. ज्या माणसाच्या शब्दावर गुरुजींनी नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्याच माणसाचं या बाबतीत त्यांनी ऐकलं नाही. हळवा म्हणून ज्यांची ओळख करून दिली जाते त्यांचा हा कणा बघा. अखेर दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडव्यांशी बोलणी झाली, मंदिर खुलं करायला संमती मिळाली. त्याच साली मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही आला.

आता मला सर्वात जास्त छळणारा भाग. मंदिर खुलं होणार हे नक्की झाल्यावर काही कर्मठांनी विधी करून विठ्ठलाचं तेज एका घागरीत काढून घेतलं, आणि मग त्या घागरीचीच पूजा सुरू ठेवली, असं सांगतात. म्हणजे त्यांच्या लेखी आत उरला तो नुसता दगड. विचार करा, चोखोबांच्या लेकरांनी शिवायच्या आधी देवच हलवायचा! आणि तो देव कोण, तर ज्याच्या महाद्वारात चोखोबांची समाधी आहे तो. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम वेठीने करताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले, 1338 साली. अस्थी आणल्या नामदेवांनी आणि समाधी बांधली ती दाराच्या बाहेर. 1338 ते 1947, सहाशे नऊ वर्षं आपण वारकरी त्या समाधीवर डोकं ठेवून आत जात होतो. चोखोबांचे अभंग म्हणत जात होतो. समाधीपाशी थांबलेल्या त्यांच्या नातलगांना मागे ठेवून जात होतो.

गुरुजींचा उपवास मला म्हणूनच प्रायश्चित्तासारखा वाटतो. ते त्या देवाचे भक्त होते. अन्याय त्यांच्या देवाच्या नावाने, त्यांच्याच माणसांकडून चालला होता. परक्याला धाक दाखवायचा प्रश्नच नव्हता, घरातल्याला सांगायचं होतं की हे थांबेपर्यंत मला घास गिळणार नाही.

आता आमचं गाव. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. काकडा, ज्ञानेश्वरी पारायण, हरिपाठ, कीर्तन, आठव्या दिवशी काला. वर्गणी सगळ्या गावाकडून घेतात, खालच्या वस्तीकडूनही. पंगतीला सगळे एकत्र बसतात, ते आमच्या वडिलांच्या पिढीनेच जमवलं. पण विण्याच्या पहाऱ्याची, म्हणजे विणा गळ्यात घेऊन उभं राहायच्या पाळ्यांची, यादी लागते त्यात वस्तीतलं एकही नाव नसतं. कधीच नव्हतं. विणा सात दिवस खाली ठेवायचा नसतो, रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळाला नाही तर आम्ही शेजारच्या गावातून आणतो, पण वस्तीतल्या उत्तम टाळकऱ्याला विचारत नाही. कोणी ‘नाही’ म्हणत नाही. यादी करणारे फक्त लिहीत नाहीत.

मी आणि माझ्यासारखे चार-पाच जण या वर्षी समितीला सांगणार आहोत की यादीत सगळ्यांची नावं येईपर्यंत आम्हीही विणा हाती घेणार नाही. टाळ वाजवू, झाडलोट करू, वाढपाला उभे राहू, विणा मात्र नाही. हे बरोबर आहे का? सप्त्यात खंड पडला तर तो दोष आमच्या माथी येईल, ही भीती आमच्यातल्या एका वयस्कर माणसाने बोलून दाखवली आहे, आणि ती भीती खरी आहे.

भीमाकाठची_लेक

दादा, पंढरपुरात वाढले आहे म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

गुरुजींच्या फार आधीपासून गाडगेबाबांनी पंढरपुरात काम उभं केलं होतं. वारीला येणाऱ्या महार मंडळींना उतरायला छप्पर नव्हतं, तेव्हा बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे तीच धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबा वाळवंटात कीर्तन करायचे, रस्ते झाडायचे. दाराशी भांडण न करता दाराबाहेरच्या माणसाची सोय करणं हाही एक मार्ग होता.

आणि दार 1947 ला उघडलं तरी गाभारा बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांकडेच होता. त्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम 1973 चा. त्यावर न्यायालयात वर्षानुवर्षं खटले चालले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जानेवारी 2014 मध्ये. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. म्हणजे दर्शनाचा हक्क मिळाल्यावर पूजेचा हक्क मिळायला आणखी सदुसष्ट वर्षं गेली. तुमचा विण्याचा प्रश्न मला याच जातीचा वाटतो. आत येऊ देणं वेगळं आणि हातात देणं वेगळं.

कऱ्हाकाठ

अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे विण्याचं नाही, काल्याची हंडी कोणी फोडायची त्याचं आहे. वाचतोय.

नागसेन_नाशिक

धागा मनापासून वाचला. गुरुजींबद्दल माझ्या घरात आदर आहे. तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

1947 च्या सतरा वर्षं आधी, 2 मार्च 1930 ला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक निघाली, त्यात शेकडो बाया होत्या. मंदिराचे चारी दरवाजे बंद केले गेले. मग दारांवर सत्याग्रही बसले, पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया. रामनवमीला, 9 एप्रिलला, रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. आमची माणसं दोरीला हात लावायला गेली तर रथ पळवून नेला आणि वर दगडांचा वर्षाव झाला. तरीही सत्याग्रह मोडला नाही. दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं तगवून धरला. तुरुंग झाले, गावात बहिष्कार झाले, मजुरी बंद झाली. आमचे पणजोबा त्यात होते.

पाच वर्षं! एवढ्या काळात हात न उगारता उभं राहिलेल्या लोकांसाठी दार उघडलं नाही. पंढरपूरला एका सवर्ण माणसाच्या दहा दिवसांच्या उपवासाने उघडलं. हे मी गुरुजींना कमी लेखायला सांगत नाही. पण गाव ज्याच्या जिवाची काळजी करतं त्याच्या उपवासाला किंमत असते. काळारामाच्या दारात आमची माणसं मेली असती तरी कोणी बोलणीला बसलं नसतं. म्हणून गुरुजींनी केलं ते त्यांनीच करायला हवं होतं, तिथे मी धागाकर्त्यांशी सहमत आहे.

पुढचं मात्र फार कोणी सांगत नाही. 3 मार्च 1934 ला बाबासाहेबांनी भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहिलं. त्यात स्पष्ट आहे की मंदिरप्रवेशाची चळवळ आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून सुरू केली नव्हती. आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं म्हणून केली होती, आणि ते काम झालं आहे. पुढल्या वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. श्रद्धेतून निघालेली, एक दगड न उचलता केलेली एवढी मोठी कृती महाराष्ट्राने दुसरी पाहिलेली नाही. शांततेच्या कृतींची यादी करताना आपण दीक्षाभूमीला त्यात का धरत नाही, हा माझा कळीचा प्रश्न आहे. दार ठोठावणं ही जशी शांततेची कृती, तशी त्या दाराकडे पाठ फिरवून आपलं घर बांधणं हीसुद्धा.

आता तुमच्या सप्त्याबद्दल. वस्तीतल्या लोकांना विचारलंत का? त्यांच्यातले किती बौद्ध आहेत, किती अजून माळकरी आहेत? त्यांना विणा हवा आहे का? तुम्ही पाच जण त्यांच्या नावाने त्याग करणार आणि त्यांना त्याचा पत्ता सप्त्याच्या पहिल्या दिवशी लागणार, असं होऊ देऊ नका. गावात वाद पेटला तर पहिला चटका त्यांना बसेल. तुम्ही समितीत नातेवाईक आहात, ते मजूर आहेत.

समर्थ_वाचक

उपोषण, असहकार ही सगळी दबावतंत्रंच आहेत. ‘ऐकलं नाहीत तर मी मरेन’ याला शांतता कसं म्हणायचं? 1932 मध्ये गांधीजींच्या येरवड्यातल्या उपवासामुळे बाबासाहेबांना पुणे करार करावा लागला, तोही शांततेचाच मार्ग होता ना?

टाळकरी_माणदेशी

समर्थ, प्रश्न रास्त आहे. 1932 चा उपवास आणि 1947 चा उपवास मी एका पारड्यात घालत नाही. येरवड्याला उपवासाचा भार जाऊन पडला तो ज्यांच्यावर आधीच अन्याय झाला होता त्यांच्यावर. गांधीजींचा प्राण गेला असता तर गावोगावच्या महारवाड्यांवर काय ओढवलं असतं हे बाबासाहेबांना दिसत होतं, आणि स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले ते त्यांना. पंढरपूरला भार पडला तो दार अडवणाऱ्यांवर आणि त्यांना मूक संमती देणाऱ्या आम्हा भाविकांवर. उपवास कोण करतो याइतकंच तो कोणाच्या उंबऱ्यावर करतो हे बघायला हवं. दबाव होता, नाकारत नाही. पण ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्यावरचा दबाव आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावरचा दबाव यात मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं.

नागसेनदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दीक्षाभूमीबद्दल तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के पटतं. वस्तीत जाऊन बोलतो, मग इथे लिहितो.

कोचीनिवासी_मराठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं केरळात आहे. ‘घरातल्याला सांगायचं होतं’ हा मुद्दा वाचून वैकोम आठवलं.

वैकोमच्या महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून ईळव, पुलय अशा जातींच्या लोकांना चालायलाही बंदी होती. मंदिर तर सोडाच, रस्ता! 30 मार्च 1924 ला सत्याग्रह सुरू झाला. रोज वेगवेगळ्या जातींचे सत्याग्रही एकत्र अडसरापर्यंत चालत जायचे आणि अटक करून घ्यायचे. त्या वर्षी मोठा पूर आला, तेव्हा कमरेच्या वर पाण्यात ते उभे राहिले. तमिळनाडूचे पेरियार तिथे येऊन दोनदा तुरुंगात गेले.

पण मला इथे सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या पदयात्रेचं. मन्नत्तु पद्मनाभन यांच्या पुढाकाराने सवर्ण हिंदूंचा जथा वैकोमहून निघून पायी त्रिवेंद्रमला गेला आणि त्रावणकोरच्या महाराणींना निवेदन दिलं, त्यावर सवर्णांच्याच 25,000 च्या आसपास सह्या होत्या. ‘हा रस्ता आमच्या शेजाऱ्यांनाही मोकळा करा’ हे रस्ता वापरणाऱ्यांनीच राजदरबारी सांगितलं. लगेच यश आलं नाही, विधिमंडळात ठराव एका मताने पडला. 1925 च्या नोव्हेंबरात तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा नाहीच. त्रावणकोरची मंदिरं सर्वांना खुली झाली ती थेट 12 नोव्हेंबर 1936 ला.

तुमच्या गावात पाच जणांनी विणा न घेण्याआधी सह्यांचं निवेदन फिरवता येईल का? पहारेकऱ्यांच्या यादीतल्यांच्याच सह्या घ्या.

सोयराबाईची_ओवी

मला एक विचारायचं आहे. इतकी चर्चा झाली, पण विण्याच्या त्या यादीत बायकांची नावं असतात का?

चोखोबांच्या घरात सोयराबाई अभंग रचत होत्या, बहीण निर्मळा रचत होती, मुलगा कर्ममेळा रचत होता, मेहुणा बंका रचत होता. कर्ममेळ्याचे अभंग वाचले तर तो देवालाच धारेवर धरतो. ज्या घराला गावात थारा नव्हता त्या घरात बाईच्या हाती शब्द होता, आणि आमच्या सप्त्यात अजून बायकांच्या हाती फक्त पोळपाट-लाटणं आहे. माझी सासू हरिपाठ तोंडपाठ म्हणते, आजवर तिला कोणी विणा घे म्हटलेलं नाही.

मी भांडायला आलेली नाही. यादी नव्याने होणारच असेल तर एकदाच नीट होऊ द्या, एवढीच विनंती.

न्यायपथ

कायद्याची बाजू थोडक्यात. अस्पृश्यता संविधानाच्या कलम 17 ने संपवली आहे आणि सार्वजनिक पूजास्थानात जातीवरून मज्जाव करणं नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 खाली गुन्हा आहे. तुम्ही पुढाकार घेतला म्हणून कोणी तुमचा किंवा वस्तीचा बहिष्कार केला, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016 चा आहे, तो याचसाठी. तक्रार करा असा माझा आग्रह नाही. कायदा पाठीशी आहे हे माहीत असलं की बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

वर्धेकर

पंढरपूरचं नाव निघालं आहे तर विनोबांचाही उल्लेख हवा. मे 1958 मध्ये ते भूदान यात्रेत पंढरपूरला आले आणि मुसलमान, ख्रिस्ती, पारशी सोबत्यांना घेऊन विठ्ठलाचं दर्शन घेतलं. त्याआधी 1953 मध्ये बिहारात वैद्यनाथधामला हरिजन सोबत्यांसह गेले असताना तिथल्या पंड्यांनी त्यांना मारहाण केली होती आणि कानाला कायमची इजा झाली होती. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी अशी त्यांची इच्छा नव्हती. त्यांचा निश्चयही बदलला नाही, जिथे सोबत्यांना प्रवेश नाही तिथे मी जाणार नाही. पंढरपूरकरांनी त्यांना आपणहून आत बोलावलं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

टाळकरी_माणदेशी

उशीर झाला, माफ करा. वस्तीत बसून बोलणं झालं. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

बरीच घरं बौद्ध आहेत. त्यांनी सरळ सांगितलं, आम्हाला विणा नको, आमचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र वर्गणीचं पुस्तक घेऊन येणारे ‘गावाचा कार्यक्रम आहे’ म्हणून सक्तीने पावती फाडतात, ते थांबवा. हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. वर्गणी ऐच्छिक आहे असं पावतीवरच छापून घ्यायचं, ही आता आमची पहिली मागणी.

काही घरं माळकरी आहेत, आषाढीला दिंडीत चालतात. त्यांतले एक आजोबा, मृदंगावर ज्यांचा हात मी लहानपणापासून ऐकतोय, ते म्हणाले, “विणा मिळाला तर घेईन. पण माझ्यासाठी सप्ता बंद पाडलात तर मी तुमच्या सप्त्याला पाय ठेवणार नाही.” त्यांच्या मुलाचं मत वेगळं होतं. तो म्हणाला, एक तास खंड पडू द्या, म्हणजे गावाला कळेल. बापलेकांत आमच्यासमोरच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं.

कोचीच्या दादांनी सुचवलं तसं निवेदन आधी फिरवायचं, आणि सही फक्त गेल्या वर्षीच्या पहाऱ्याच्या यादीत ज्यांचं नाव होतं त्यांनीच करायची. यादी जातीवर आणि भाऊबंदकीवर न करता देवळाच्या भिंतीवर कोरा कागद लावायचा, ज्याला पहारा हवा त्याने आपलं नाव लिहावं, बाईने किंवा पुरुषाने. समितीने कागद लावला नाही तर आम्ही आमचे पहारे सोडणार नाही, आम्ही आमच्या पहाऱ्याची वेळ त्या आजोबांना देणार. रात्री दोन ते चार माझा पहारा आहे. विणा माझ्या गळ्यातून त्यांच्या गळ्यात जाईल, जमिनीला टेकणार नाही. अडवायचं असेल तर समितीने दोन वाजता येऊन अडवावं, मी तिथे हात जोडून उभा असेन. आजोबांना हे पटलं, कारण यात सप्त्याला खंड नाही. त्यांच्या मुलाला अर्धवट पटलं.

सोयराताई, माझ्या घरातून दोन नावं त्या कागदावर येणार आहेत, माझी सून आणि तिची आई.

नागसेन_नाशिक

पावतीचा मुद्दा निघाला हे फार बरं झालं. निवेदनात तो वर घ्या, विण्याच्या आधी. आणि दोन वाजताच्या पहाऱ्याला वस्तीतले आजोबा एकटे येऊ देऊ नका. त्यांना घरून आणायला आणि परत सोडायला तुमच्यातले दोघं जा, उजेडात, सगळ्यांना दिसेल असे. निवेदनाचा मसुदा इथे टाका, न्यायपथ आणि मी बघून देतो.

भीमाकाठची_लेक

मसुद्यात चोखोबांचं नाव पहिल्या ओळीत घाला. त्या नावाला सप्ता समितीतलं कोणी ‘नाही’ म्हणू शकत नाही.

टाळकरी_माणदेशी

टाकतो. एकादशीला समितीची बैठक आहे, त्याच्या आधी.